वही मी शिवली होती

"तुम्हाला माहीत होतं का हे?" मॅडमनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. आणि वळून नातीच्या कानशिलात मारली.

सगळ्या वर्गासमोर मारली. चाळीसेक पोरं बाकांवर हाताची घडी घालून बसली होती. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. माझा हात भांडी घासून घासून जड झालेला. पोरगी सात वर्षांची. ती फळ्याखालच्या कट्ट्यावर जाऊन आदळली. वेणीची रिबीन सुटली. रडली नाही. गालावर हात ठेवून नुसती माझ्याकडे बघत राहिली.

"अहो आजी, मारू नका!" मॅडम म्हणाल्या. "आमच्या शाळेत मुलांवर हात उचलत नाहीत."

त्यांच्या हातात एक वही होती. मेलेला उंदीर शेपटीला धरावा तशी त्यांनी ती कोपऱ्याला धरली होती. ती वही नातीनं चोरली, असं त्यांचं म्हणणं.

नातीनं चोरली नव्हती. वही मी आणली होती. मी कापली होती. मी शिवली होती. आणि मी म्हणाले, मला माहीत नाही.

आता सुरुवातीपासून सांगते.

नातीचं नाव आरोही. घरात आम्ही आरू म्हणतो. आम्ही राहतो पंचवटीत, मार्केटच्या मागच्या वस्तीत. मुलगा मार्केटला हमाली करतो. सून सविता द्राक्षांच्या मोसमात पॅकिंगला जाते, एरवी मिळेल ते करते. मी नदीच्या पलीकडे, पूल ओलांडून, गंगापूर रोडला बंगल्यांमध्ये धुणंभांडी करते. त्याच बाजूला एक मोठी इंग्रजी शाळा आहे. नाव लिहीत नाही. पंचवीस टक्के जागा गरिबांच्या पोरांना द्यायच्या असा कायदा आहे म्हणून शाळेला द्याव्या लागतात. सवितानं दाखले गोळा केले, अर्ज भरला, सोडतीत आरूचा नंबर लागला. आम्ही वस्तीत पेढे वाटले. मी स्वतः चौथी शिकलेली. चांदवडकडच्या आमच्या गावात चौथीपर्यंतच शाळा होती, पाचवीला दुसऱ्या गावी जावं लागायचं. मुलींना कोण पाठवतो? मी कांद्याच्या वावरात गेले. त्याचं रडगाणं मला गायचं नाही. एवढंच सांगायचं की मराठी मला वाचता येतं, इंग्रजी येत नाही, आणि नात इंग्रजी बोलायला लागली तेव्हा मी चार घरी सांगत सुटले होते.

शाळेत या पोरांना आरटीईवाले म्हणतात. मास्तरणी म्हणतात, शिपाई म्हणतात, पोरंही म्हणतात. "ए, तू आरटीई का?" असं. जणू ती एक जात आहे.

फी लागत नाही. बाकी सगळं लागतं. बूट शाळेचे, मोजे शाळेचे, वह्या शाळेच्या. बाहेरची वही चालत नाही. शाळेच्या वहीला निळं कव्हर, त्यावर शाळेचं चिन्ह. आत प्रत्येक पानाच्या डोक्यावर तेच चिन्ह बारीक छापलेलं. म्हणजे बाजारातली वही घेऊन वरचं कव्हर बदलावं तर तेही जमत नाही. बारकाईनं विचार केलेला आहे. कायद्यात या पोरांना वह्यापुस्तकंही शाळेनंच द्यायची आहेत, हे मला फार उशिरा कळलं. शाळेनं कशाला सांगावं?

यंदा दुसरीत गेल्यावर पावसाळ्यात आरूची गणिताची वही संपली. मॅडमनी डायरीत लिहून पाठवलं, नवी वही आणा. मग पुन्हा लिहिलं, लाल शाईनं. मुलाच्या पाठीत उसण भरली होती, तो घरी पडून होता. सविताच्या हाताला काम नव्हतं. वही आली नाही. आरूला गणिताच्या तासाला उभं करायला लागले.

मी ज्या बंगल्यात अकरा वर्षं काम करत होते त्या वहिनींचा मुलगा त्याच शाळेत, एक इयत्ता पुढे. त्याच्या मागच्या वर्षीच्या वह्या रद्दीत निघाल्या. निळ्या कव्हरच्या. निम्म्याहून जास्त कोऱ्या.

"मावशी, हा गठ्ठा भंगारवाला आला की देऊन टाका," वहिनी म्हणाल्या.

मी दिला. त्यातल्या चार वह्या माझ्या पिशवीत घातल्या आणि मग दिला. विचारलं नाही.

वाचणारा म्हणेल, बाई, विचारायला काय झालं होतं? सांगते. आदल्या वर्षी मी विचारलं होतं. त्यांच्या मुलाचं जुनं दप्तर मागितलं होतं. वहिनींनी दिलं, धुऊन दिलं, त्यात एक पेन्सिलही घालून दिली. मग पाहुणे आले की सांगायच्या, "आमच्या मावशींच्या नातीचं सगळं आम्हीच बघतो." आणि त्यांचा मुलगा शाळेच्या फाटकात ओरडला, "ए, ते माझं दप्तर आहे! आम्ही दिलंय!" आरू महिनाभर वह्या प्लास्टिकच्या पिशवीत नेत होती. दप्तराला हात लावेना. तेव्हा मी ठरवलं होतं, आता मागायचं नाही.

मागितलं तर भिकारी. न मागता घेतलं तर चोर. मी मधली वाट शोधली, कुणाला कळू द्यायचं नाही.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी उंबऱ्यात बसले. मला गोधडी शिवता येते, चांगली शिवते, तेव्हा दाभण आणि जाड दोरा घरातच होता. वहीची पानं जोडपानं असतात. पुढचं लिहिलेलं पान उपटलं की मागचं कोरंही सुटून हातात येतं. म्हणून मी लिहिलेली पानं उपटली नाहीत. शिवणीपासून दोन बोटं जागा सोडून सुरीनं कापली. दोन बोटांच्या त्या पट्ट्या एकमेकींना कणकेच्या खळीनं चिकटवल्या. मग चार वह्यांची कोरी पानं एकावर एक ठेवली, दाभणानं भोकं पाडली आणि गोधडीचा दुहेरी टाका घातला. वरचं कव्हर बरं होतं ते ठेवलं. कव्हरवर त्या मुलाच्या नावाची चिठ्ठी होती. ती खरवडली तर कव्हर फाटायला लागलं. मग तिच्यावरच नवी चिठ्ठी डकवली. आरूनं त्यावर आपलं नाव लिहिलं. इंग्रजीत, जीभ बाहेर काढून.

पूर्ण वेळ ती माझ्यासमोर बसली होती. दोऱ्याचं टोक धरून. मी टाका ओढायची, ती सैल सोडायची.

"आजी, ही कुणाची होती?"

"आता तुझी."

"आधी कुणाची?"

"शाळेत कुणाला सांगायचं नाय. काय?"

"नाय सांगणार."

"आईला पण नाय."

"आईला पण नाय," ती म्हणाली.

वही इतकी जाड आणि छान झाली की मलाच गर्व वाटला. आरूनं ती उशाशी घेतली.

ती वही महिनाभर चालली. मग हवा दमट, त्यात कणकेची खळ. पट्ट्या सुटल्या. मॅडम गणितं तपासत होत्या. वही उघडली तशी एक पट्टी वर आली. पट्टीवर समासातली लाल शाई होती. बरोबरची खूण, मागच्या वर्षाची तारीख, आणि अर्धी सही. मागच्या वर्षीही दुसरीला याच मॅडम होत्या. सही त्यांचीच.

त्यांनी बाकीच्या पट्ट्या उलगडल्या. मग कव्हरवरची चिठ्ठी नखानं सोलली. खाली दुसरं नाव निघालं. तिसरीच्या वर्गातून त्या मुलाला बोलावलं. "ही तुझी वही?" तो म्हणाला, "हो." पोरगं खोटं बोललं नाही. वही त्याचीच होती. "हिच्याकडे कशी आली?" त्याला काय माहीत? तो म्हणाला, "ही आमच्या घरी येते. तिच्या आजीबरोबर. तिची आजी आमच्याकडे कामाला आहे."

शाळेतून माझ्या मोबाईलवर फोन आला, ताबडतोब या. मी तशीच गेले. लुगड्याचा काठ ओला, हाताला साबणाचा वास. मला वाटलं पोर पडली, रक्त आलं. वर्गात पोचले तर आरू फळ्याजवळ उभी.

मॅडम म्हणाल्या, "मी हिला दहा वेळा विचारलं. वही कुठून आणलीस? कुणी दिली? एक शब्द बोलत नाही. नाव झाकून ठेवलंय बघा. पानं कापलीयेत. एवढ्याशा मुलीचं डोकं बघा कसं चालतं! आम्ही या मुलांना एवढी संधी देतो, आणि हे!"

मग त्यांनी मला तो प्रश्न विचारला. तुम्हाला माहीत होतं का हे?

आरूनं माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर काय होतं ते मला अजून दिसतं. तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. आजी आली. आता आजी सांगेल.

माझ्या डोक्यात त्या क्षणी आरू नव्हती. वहिनी होत्या. अकरा वर्षं त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे होती. गावाला गेल्या तर कपाट उघडं टाकून जायच्या. मी चमचा इकडचा तिकडे केला नव्हता, आणि तसं गल्लीभर सांगतही होते. माझ्याजवळ दुसरं काय होतं? शिक्षण नाही, जमीन नाही, नवरा कधीच गेला. लोक म्हणायचे, बाई प्रामाणिक आहे. तेवढं वाचवायचं होतं मला. ते वाचवायला मी सात वर्षांच्या पोरीला चोर ठरवलं. आणि माझ्यावरचा संशय पुरता जावा म्हणून वर मारलं.

नंतर मॅडमनी मला ऑफिसात नेलं. एक छापील कागद होता, इंग्रजी. मधल्या रिकाम्या जागा त्यांनी भरल्या. "इथे सही करा. काही नाही, एक समजपत्र आहे. तिच्या भल्यासाठीच." मी सही केली. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. मराठीत, जोडाक्षरासकट नीट. न वाचता केली. एक प्रत घडी करून मला दिली.

आम्ही दोघी चालत निघालो. पुलावर आलो तेव्हा आरू म्हणाली, "आजी, मी नाय सांगितलं."

मी म्हणाले, "हं."

"मॅडमनी खूप विचारलं. तरी नाय सांगितलं."

"हं."

याच्यापलीकडे मी तिला काही बोलले नाही. तो "हं" मला मरेपर्यंत पुरेल.

दुसऱ्या दिवशी कामावर जायला पाय उचलत नव्हते. गेले. वहिनींना मुलानं सगळं सांगितलेलं. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, हे अकरा वर्षांत पहिल्यांदा. चहा दिला. माझा कप वेगळा असतो, त्यातच दिला, पण स्वतः करून दिला.

"मावशी, झालं ते झालं. मी शाळेत फोन करून सांगितलं, लहान आहे, जाऊ द्या. आमची काही तक्रार नाही."

मी कप दोन्ही हातांत धरला.

"आणि तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्यावर माझा डोळे झाकून विश्वास आहे. तुमच्या पिढीची गोष्टच वेगळी. आजकालच्या पोरांना सगळं हवं असतं हो. टीव्ही बघून बघून. फक्त काही दिवस तिला इकडे आणू नका. आमचा जरा घाबरलाय."

मी म्हणाले, "नाही आणणार, वहिनी." आणि चहा प्याले. पूर्ण प्याले. कप विसळून जागेवर ठेवला.

घरी सवितानं पोरीला धारेवर धरलं. "माझ्या पोटी चोर कशी निघाली? सांग! काय कमी केलं तुला?" मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. आरू सविताला म्हणाली, "सॉरी मम्मी." शाळेत शिकवतात तसं. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. त्या दिवशीही माझं तोंड उघडलं नाही. मी मनाशी म्हणायचे, पोरं विसरतात. चार दिवसांनी विसरेल.

वर्गात तिचा बाक बदलला. एकटीला दाराजवळ. कुणाचा खोडरबर हरवला की आधी तिचं दप्तर. मग कुणी मागायच्या आत तीच दप्तर उघडून धरायला लागली. हे मला तिच्याबरोबर शाळेला जाणाऱ्या वस्तीतल्याच एका पोरीनं सांगितलं. तीही आरटीईचीच, पहिलीतली, वर्ग शेजारचाच. ती म्हणाली, "आजी, आरूताई शाळेत बोलतच नाय."

नवरात्र गेलं, दसरा गेला. एक दिवस दुपारी मी कामावरून आले तर आरू नुकतीच शाळेतून आली होती. मला बघितलं तशी ती उठली. दप्तर उचललं आणि माझ्या पायापाशी उपडं केलं. वह्या, कंपास, डबा, पेन्सिलीचे तुकडे, सगळं फरशीवर. एकेक वस्तू उचलून मला दाखवायला लागली.

"हे माझं. हे पण माझं. ही पट्टी मम्मीनं आणलेली. बघ आजी. सगळं माझंच आहे."

मी म्हणाले, "कुणी सांगितलं तुला असं दाखवायला?"

"कुणी नाय. दाखवायचं असतं."

माझ्या घरात, मला, ती झडती देत होती. जिनं दोरा धरला होता ती. तिला पक्कं माहीत होतं की वही कुणी आणली. तरी आता तिलाच वाटायला लागलं होतं की आपण चोर. इतक्यांनी सांगितलं म्हणजे असणारच. आजीनं मारलं म्हणजे असणारच.

मी खाली बसले. तिच्या वस्तू दप्तरात भरल्या. डबा दोनदा हातातून पडला. सविता पाणी भरून आली. मी तिला दार लावायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. चार वह्या, दाभण, खळ, तोंड बंद ठेवायला सांगितलेलं, सगळं.

सवितानं हंडा खाली ठेवला. मग म्हणाली, "आई, तुम्ही मला सांगायचं होतं. मी त्या दिवशी पोरीला काय काय बोलले."

"हां."

"तुम्ही माझ्यासमोर बसून भाकरी थापत होता."

"हां."

तिनं तो घडीचा कागद ट्रंकेतून काढला. सविता दहावी नापास आहे, पण इंग्रजी अक्षर जुळवून वाचते. बोट ठेवून वाचलं. माझ्या पाल्यानं चोरी केली आहे हे मी मान्य करते. पुन्हा घडल्यास शाळा जो निर्णय घेईल तो मान्य राहील. प्रवेश रद्द झाल्यास तक्रार करणार नाही. खाली माझी सही.

समजपत्र म्हणे. एका वहीत त्यांना पोरीला कधीही बाहेर काढायचा रस्ता मिळाला होता आणि त्यावर अंगठा नाही, मी अक्षरं काढून दिली होती.

सविता म्हणाली, "पोरीच्या आयुष्याला कशी सुरुवात करून दिली तुम्ही, आई!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी वहिनींकडे गेले. उभ्यानंच सांगितलं. वहिनींनी हातातला मोबाईल खाली ठेवला.

"अहो मावशी, मागितल्या असत्या तर मी दिल्या नसत्या का?"

"दिल्या असत्या. दप्तर दिलं तशाच दिल्या असत्या."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या मुलानं फाटकात ओरडून सांगितलं असतं."

त्यांचा चेहरा बदलला. "मी इतके दिवस तुम्हाला घरातलं मानलं."

मी म्हणाले, "घरातल्यांचा कप वेगळा नसतो, वहिनी. पण मी त्याच्यासाठी आले नाही. मी वह्या घेतल्या. न विचारता घेतल्या. ते माझं चुकलं. माझ्या नातीचं काही चुकलं नाही. तुमच्या मुलाला हे माझ्यासमोर सांगा."

त्या म्हणाल्या, मुलांना यात ओढू नका. मी म्हणाले, माझीला ओढलीच आहे. मी किल्ली ओट्यावर ठेवली. त्यांनी थांबवलं नाही.

शनिवारी शाळेत पालकसभा होती. खाली सतरंजी नाही, खुर्च्या. आम्ही आरटीईची माणसं आपोआप मागे बसतो, कुणी सांगावं लागत नाही. त्या दिवशी मी दुसऱ्या रांगेत बसले. बाजूची बाई पर्स मांडीवर घेऊन सरकली. मोठ्या मॅडम संस्कारांवर बोलत होत्या. घरातून संस्कार मिळाले तरच शाळा काही करू शकते, असं. मी उभी राहिले.

"मॅडम, दुसरी ब मधली वही मी शिवली होती."

कुणाला काही कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, मार्केटात सांगतात तसं.

"आरोहीनं चोरी केली नाही. वह्या मी रद्दीतून घेतल्या. तिला गप्प राहायला मी सांगितलं. वर्गात मी खोटं बोलले आणि तिला मारलं. तो माफीचा कागद खोटा आहे. तो रद्द करा आणि वर्गात पोरांना खरं सांगा."

वर्गाच्या मॅडम धावत आल्या. "आजी, आजी, इथे नको. आपण ऑफिसमध्ये बोलू."

मी म्हणाले, "चोर तुम्ही तिला ऑफिसात नाही केलं. वर्गात केलं."

मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी म्हणालं, "बरोबर आहे." कोण ते मी वळून बघितलं नाही.

मोठ्या मॅडम म्हणाल्या, बघू. बघू म्हणजे काय ते मला माहीत आहे. सोमवारी मी वर्गात जायला गेले तर वॉचमननं फाटकात अडवलं. "आजी, वरून ऑर्डर आहे." मग मी फाटकाबाहेरच उभी राहिले. शाळा सुटली की दुसरीची पोरं ओळीनं बाहेर येतात. एकेकाला सांगितलं. "वही मी घेतली होती. मी आरूची आजी. तिनं चोरी केली नाही." गाडीवाल्या आया पोरांना ओढून न्यायच्या. वॉचमन म्हणायचा, "आजी, बाजूला व्हा ना, माझी नोकरी जाईल." मी दोन पावलं बाजूला व्हायची आणि तिथून सांगायची. एक पोरगा थांबून म्हणाला, "मग तुम्हाला पनिशमेंट झाली का?" मी म्हणाले, "नाही झाली." तो म्हणाला, "हे बरोबर नाही." त्या शाळेत मला पटलेलं हे पहिलं वाक्य.

मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी उभी राहिले. शुक्रवारी मला आत बोलावलं. वर्गात नेलं, दोन मिनिटं दिली. मी फळ्यासमोर उभी राहून सगळं सांगितलं. आरू दाराजवळच्या बाकावर खाली मान घालून बसली होती. मॅडम म्हणाल्या, "ओके, क्लॅप फॉर आजी." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणाले, "टाळ्या कसल्या? तिचा बाक बदला." त्यांनी बदलला.

कागद मात्र मिळाला नाही. फाईलला लागलेला कागद काढता येत नाही म्हणाले. मग सविताकडून मी मराठीत दुसरा लिहून घेतला. माझ्या तोंडचे शब्द, माझी सही. पहिला कागद न वाचता सही केलेला आहे आणि खोटा आहे. हा त्याला जोडावा. आणि खाली आणखी एक ओळ: कायद्याप्रमाणे माझ्या नातीच्या वह्या शाळेनं द्याव्यात. क्लार्क म्हणाला, ठेवून जा. मी म्हणाले, "पोच द्या." तासभर बसले. शिक्का मारून पोच घेतली.

वह्या अजून आलेल्या नाहीत. माझं बंगल्याचं काम गेलं ते गेलंच, त्या गल्लीतली आणखी दोन घरंही गेली. मी आता मार्केटला लसूण सोलते.

आरूला मी एकदा जवळ घेऊन म्हणाले, "माझं चुकलं."

तिनं विचारलं, "मग तेव्हा का नाय सांगितलं?"

"भीती वाटली."

"मला पण वाटत होती," ती म्हणाली.

ती मला अजून चिकटून झोपत नाही. आधी झोपायची. दप्तर उपडं करणं बंद झालं, पण वर्गात कुणी "माझं पेन कुठंय?" म्हटलं की तिचे हात बाकावर येतात, वर, उघडे. ते बंद होईल की नाही मला माहीत नाही. तिनं मला माफ करावं असं मी म्हणत नाही. तिनं करूही नये.

शाळा सोडायची नाही. लोक म्हणाले, म्युनिसिपालिटीच्या शाळेत घाला, तिथं आपली पोरं असतात, कोणी बोलत नाही. नाही. ती जागा तिची आहे, सोडतीत निघालेली, कायद्याची. आठवीपर्यंत ती तिथंच बसेल. दर पालकसभेला मी दुसऱ्या रांगेत बसेन. दर महिन्याला वह्यांचा अर्ज देईन आणि पोच घेईन. इंग्रजी कागदावर सही करणार नाही. आणि पुन्हा कुणी विचारलं, तुम्हाला माहीत होतं का, तर समोर कुणीही असो, नोकरी जावो, घर जावो, मी हो म्हणेन.

हे सगळं जिच्यावर बेतलं ती मी नाही. मी साठी उलटलेली बाई, मी फक्त खोटं बोलले आणि मारलं. ज्या पोरीला फळ्यासमोर उभं केलं, जिनं मार खाल्ला आणि तरी नाव घेतलं नाही, ती माझी नात आरोही. वय सात. इयत्ता दुसरी, तुकडी ब.